पाणी दाबून सोडावे

सर लोकांच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरायचे. हेतू वाईट नसे, त्यांना फक्त तवा बघायचा असे. तवा तापत असला की ओल्या बोटांनी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचे आणि तो किती वेळ टिकतो ते मनगटावरच्या घड्याळात बघत राहायचे. बेतानं तापलेल्या तव्यावर थेंब चर्र करून लगेच नाहीसा होतो. फार तापलेल्या तव्यावर मात्र तो गोळीसारखा गोल होतो, इकडेतिकडे पळत सुटतो आणि बराच वेळ जगतो. हे पोळ्या करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. का, ते सांगता येत नाही. सर तेच विचारायचे, तेही हातात लाटणं असलेल्या बाईला.

आमच्या कॉलेजच्या वाटेवर, नागपूरच्या कडेला बेशाकडे, एक दोसेवाला होता. एका संध्याकाळी मी सोबत असताना सरांनी त्याच्या तव्यावर पाच थेंब टाकले. सहाव्याला त्यानं उलथणं उचललं.

"साहेब, तुमाले दोसा पाह्यजे का तवा?"

"तवाच पाह्यजे गा. दोसा ह्या बाईले दे."

मग रांगेतल्या सात-आठ जणांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. फार तापलेल्या तव्यावर थेंब टेकायच्या आतच त्याच्या बुडाची वाफ होते. त्या वाफेच्या गादीवर तो बसून राहतो, तव्याला शिवतच नाही, आणि शिवत नाही म्हणून जळत नाही. "तवा लाल होऊ दे, पाणी त्याले शिवत नाही, रुसलं," ते म्हणाले. दोसेवाल्यानं माझ्या दोशाचे पैसे घेतले नाहीत, पण सरांना पुन्हा आणू नका म्हणाला.

पाणी रुसतं, हा सरांच्या शास्त्राचा गाभा. पुस्तकात त्याला लांबलचक इंग्रजी नाव आहे. सर 'रुसवा' म्हणायचे आणि परीक्षेच्या वह्या तपासताना कुणी 'रुसवा' लिहिला तर अर्धा गुण जास्त द्यायचे. त्याबद्दल प्राचार्यांनी त्यांना दोनदा बोलावून घेतलं. सर दोन्ही वेळा प्राचार्यांच्या केबिनमधला चहा पिऊन परत आले.

त्यांची नोंद नीट करायची तर अशी: वय पासष्टच्या पुढे, मूळ गाव भिवापूरकडचं, घरची शेती मिरचीची, तीस वर्षं एका वीजकेंद्रात बॉयलरवर, निवृत्तीनंतर आमच्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात उष्णतेचे प्राध्यापक. दर उन्हाळ्यात गावाहून एक पोतं मिरची आणायचे आणि ती प्रयोगशाळेत वाळवायचे, कारण आमच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरची पेटी वरून कायम कोमट असे. एका वर्षी तपासणी समिती आली तेव्हा मिरची पेटीवरच होती. समितीतले तिघेही पाच मिनिटांत शिंकत बाहेर पडले. "काय आहे हे?" एकानं डोळे पुसत विचारलं. "सुरक्षा यंत्रणा हाय," सर म्हणाले. त्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेची यंत्रं कुणी मोजली नाहीत. ती यादी मी तीन दिवस खपून केली होती, म्हणून मला त्याचं वाईट वाटलं.

मी त्या प्रयोगशाळेची सहायक. आमचं घर महालातलं, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीतलं. भोसल्यांच्या काळात कारकुनी करायला बाहेरून आलेल्या, घरात पुस्तकी मराठी बोलणाऱ्यांपैकी आम्ही, आणि कारकुनी अजून अंगातून गेलेली नाही. काम सुरू करायच्या आधी मी यादी करते आणि काम झालं की खूण करते. सर मला 'यादीबाई' म्हणत. एरवी ते मला 'तुम्ही' म्हणायचे. यंत्र धोक्यात आलं की मात्र 'तू वं' सुरू व्हायचं. त्यामुळे पाठ फिरवून उभी असले तरी मला यंत्राची प्रकृती कळत असे.

बेचाळिसाव्या वर्षी मी एम.टेक.ला नाव घातलं. हौस म्हणून नाही. ज्याच्याकडे ती पदवी नाही त्याला प्रयोगशाळा सांभाळता येणार नाही, असा नवा नियम आला होता. दोन वर्षांनंतरच्या दिवाळीपर्यंत कागद दाखवला नाही तर मला स्टोअरमध्ये बसवणार होते, खडू आणि झाडूंचा हिशेब ठेवायला. सोळा वर्षं ज्या यंत्रांवरची धूळ मी स्वतः पुसली ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार होती. मार्गदर्शक म्हणून मी सरांचं नाव लिहिलं, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मी हे त्यांना सांगितलंही. "माझंही तसंच हाय," ते म्हणाले, "दुसरं कोणी आलंच नाही."

विषय त्यांनीच दिला. पुरुषभर उंचीची एक स्टीलची नळी उभी करायची. तिच्यातून खालून वर पाणी सोडायचं आणि नळीच्या अंगातून वीज सोडून ती तापवायची. पाणी उकळू लागलं की आतल्या भिंतीवर बुडबुडे धरतात आणि उष्णता घेऊन निघून जातात. वीज वाढवली की बुडबुडे वाढतात. वाढवत गेलं की एक वेळ अशी येते की बुडबुड्यांच्या गर्दीत पाण्याला भिंतीपर्यंत पोचताच येत नाही. भिंतीला फक्त वाफ लागते, आणि वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही. मग काही सेकंदांत नळी लाल होते आणि फाटते. बॉयलरच्या नळ्या अशाच फाटतात. ती वेळ नेमकी किती विजेवर येते ते मोजायचं, एवढाच माझा प्रबंध. नळी वाचावी म्हणून वरच्या टोकाला तापमान मोजणाऱ्या तारा जोडल्या होत्या. तापमानानं एकदम उडी मारली की खटका पडून वीज जायची आणि तो आकडा मी लिहून घ्यायची.

नळ्या तीनच होत्या. पहिली सरांनी मुद्दाम जाळली, "आधी प्रेत पाह्यलं की भीती जाते" म्हणून, आणि त्या आनंदात सगळ्या विभागाला संत्रा बर्फी वाटली. ती फाटकी नळी त्यांनी घरी नेली. बाथरूममध्ये तिच्यावर आता टॉवेल वाळतात. दुसरी एका दुपारी खटका अडकल्यामुळे गेली. उरली तिसरी. चौथी मागवायची तर वर्ष लागलं असतं.

पहिल्या दिवशी सरांनी मला ज्या सूचना दिल्या त्या मी हिरव्या वहीत उतरवल्या. पंप तपासावा, गळती पाहावी, तारा मोजाव्यात, वगैरे. चौथी सूचना होती, "नळीला पाणी दाबून सोडावे." नागपुरात दाबून म्हणजे भरपूर. इथं लोक दाबून जेवतात आणि पाऊसही दाबून पडतो. मी महालातली असले तरी इथलीच आहे, हे दाखवायची मला तेव्हा घाई होती. मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: पाणी भरपूर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

प्रयोग चालू असताना सर यंत्राकडे पाठ करून बसत. मध्ये लाकडी फळी असे. "तोंड भाजलं तं नातवंडं भेतील," हे त्यांचं कारण. त्यांच्याजवळ एक वेताची काठी होती. तिचं एक टोक नळीच्या आधाराला टेकवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. नवीन विद्यार्थ्यांना वाटे, झोपले. मग मध्येच म्हणायचे, "वीज थोडी वाढवा बाई, अजून गाऊन राहिली." किंवा, "आता घसा बसला, थांबा." त्यांचं कधी चुकलं नाही. ते थांबा म्हणाले की दहाएक सेकंदांत खटका पडायचा.

त्यांच्या अशा बोलण्यासाठी मी लाल वही केली होती. हिरवी सूचनांची, लाल गमतींची. लाल लवकर भरली.

नोव्हेंबर ते एप्रिल मी आकडे घेतले. नीट घेतले, प्रत्येक तीनदा. पण पुस्तकातल्या सूत्रानं जे यायला हवं त्याच्या पाऊणपटसुद्धा एकही आकडा येत नव्हता. पाणी ठरल्या वेळेच्या फार आधीच रुसत होतं. मी तारा बदलल्या, मीटर तपासून आणले, पाणी गाळून घेतलं. पाण्याचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीत एक छोटा फ्लोट असतो. तो वरखाली डुलत असे. मी दरवेळी वरचा आणि खालचा आकडा बघून मधला लिहीत असे. तेही नीट. सरांना आकडे दाखवले की ते म्हणायचे, "नळी पुस्तकाले मानून नाही राहिली," आणि खूश व्हायचे. मी घरी जाऊन स्टोअरमधल्या खुर्चीची उंची आठवायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी कूलरसमोर बसून मी आकड्यांची वही तारखांसकट पुन्हा पडताळत होते. हिरव्या वहीत काही सापडेना म्हणून लाल उघडली. 'नळीला उचकी लागून राहिली, कोणी आठवण काढून राहिलं असनं.' ही गंमत मी पहिल्यांदा डिसेंबरात लिहिली होती. मग जानेवारीत. मग पुन्हा. एकूण अकरा वेळा लिहिली होती, आणि पुढे पुढे तर नुसतं 'उचकी, वरीलप्रमाणे' असं. ज्या तारखेला उचकी त्या तारखेचा आकडा सगळ्यात कमी.

मी वही घेऊन सरांपुढे उभी राहिले. ते मिरच्यांचे देठ खुडत होते.

"सर, ही उचकी म्हणजे गंमत ना?"

"कोणती उचकी?"

"नळीची."

त्यांनी देठ खाली ठेवला. "गंमत? काहून वं? पाणी एकसारखं जाऊन नाही राहिलं, धक्के देऊन राहिलं, म्हून मी सहा महिने बोंबलून राहिलो, अन् तू गंमत समजली?"

'तू वं' ऐकून मी आधी यंत्राकडे पाहिलं.

"मग तुम्ही थांबवलं का नाहीत?"

"मले वाटलं, तुमाले समजलं असनं. तुम्ही लिहून घेऊन राहिल्या होत्या ना!"

"मी सगळं तुमच्या सूचनेप्रमाणे केलंय सर. पाणी दाबूनच सोडते."

"दाखव."

सहा महिन्यांत पहिल्यांदा ते फळीच्या या बाजूला आले. मी पंप सुरू केला. फ्लोट डुलू लागला. सरांनी वाकून खालचा व्हॉल्व्ह पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"हे दाबलेलं हाय?"

"दाबूनच आहे."

"बाई, हे तं सताड उघडं हाय!"

"म्हणजे दाबूनच ना! भरपूर!"

"भरपूर कोणी म्हटलं? दाबून म्हटलं! असं." त्यांनी माझा हात धरून व्हॉल्व्हच्या चाकावर ठेवला आणि फिरवला. "दाबून. आवळून. पंप जोरात अन् तोंड लहान."

"नागपुरात दाबून म्हणजे भरपूर असतं सर."

"ते मले सांगता? मी भिवापूरचा हाय! पण तुम्ही पडल्या महालातल्या. म्हटलं, शुद्ध बोलू. म्हून तं 'सोडावे' म्हटलं. मी जिंदगीत कोणाले 'सोडावे' म्हटलं नाही!"

ते खरं होतं. त्या 'सोडावे'तला 'वे' मी ऐकलाच नव्हता. मी त्यांच्यासाठी वऱ्हाडी झाले होते आणि ते माझ्यासाठी पुस्तकी.

व्हॉल्व्ह आवळला, पंपाचा जोर वाढवला. सरासरी पाणी तेवढंच ठेवलं. फ्लोट जागच्या जागी उभा राहिला. तोंड मोकळं असलं की नळीतली वाफ खाली जोर लावते आणि येणाऱ्या पाण्याला मागे रेटते. पाणी क्षणभर अडतं, मग भसकन येतं. त्या क्षणभरातच भिंत कोरडी पडते. तोंड आवळलेलं असलं की वाफेची तेवढी दादागिरी चालत नाही. सरांनी काठी कानाला लावली, डोळे मिटले आणि मला वीज वाढवायला सांगितलं. जुना आकडा मागे पडला. मी पेन उघडून उभी. पुस्तकातला आकडा आला, त्याच्या जरासा पुढे गेला, तेव्हा ते म्हणाले, "थांबा." खटका पडला.

"'थांबा' म्हटलं मी," ते म्हणाले. "आता पुन्हा 'तुम्ही', यंत्र बरं हाय."

प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. मी सगळे आकडे नव्यानं घेतले. सरांनी त्या सहा आठवड्यांत एकही तवा बघितला नाही. उन्हात बाराला येऊन बसायचे आणि काठी लावायचे. तिसरी नळी टिकली. जुन्या आकड्यांवर काट मारायला मी तांबडं पेन घेतलं तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून काढून खिशात घातलं.

"ते चुकीचे नाहीत. ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हाय."

"कुठल्या?"

"तोंड उघडं ठेवलं तं काय होते? तुम्ही एकेक आकडा तीन-तीनदा घेतला ना? एवढी शिस्तीत चूक कोणी करत नसते बाई. दोन्ही बाजू-बाजूले छापा."

अशा रीतीनं प्रबंधाचा विषयच बदलला: तोंड उघडं असताना आणि आवळलेलं असताना नळी किती उष्णता सोसते. वाचताना वाटे, कुणी फार विचारपूर्वक आखणी केली आहे. तीच अडचण होती.

"परीक्षकानं विचारलं तं सांगा, मुद्दाम केलं," तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सर म्हणाले.

"ते खोटं आहे."

"खोटं कसं? व्हॉल्व्ह तुम्ही मुद्दाम उघडला का नाही? का आपोआप उघडला?"

मी विचारले जाण्याजोगे बावीस प्रश्न काढले होते. घरी गेल्यावर या प्रश्नापुढे मी 'मुद्दाम' लिहिलं. स्टोअरची किल्ली दुसऱ्या दिवशी माझ्या हाती येणार की नाही, ते त्या एका शब्दावर होतं. मी तो आरशासमोर तीनदा म्हणूनही पाहिला.

परीक्षक जबलपूरचे होते, हिंदी बोलणारे. वयस्कर, शांत, प्रत्येक पान उलटणारे. प्राचार्य शेजारी बसले होते. सर कोपऱ्यात, काठीशिवाय, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. अर्धा तास सगळं यादीप्रमाणे झालं. मग परीक्षक दोन आलेखांवर बोट ठेवून म्हणाले, "यह बहुत सुंदर है। वॉल्व पूरा खुला रखने का विचार किसका था?"

'मुद्दाम केलं का' असं विचारलं असतं तर मी 'हो' म्हणाले असते. पण त्यांनी विचार कुणाचा होता ते विचारलं, आणि विचार कुणाचाच नव्हता.

"किसी का नहीं, सर," मी म्हणाले. "गलती थी।"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्टोअरकडे पाहावं तसं. मी मग सगळं सांगितलं, दाबूनसकट.

"दबा के?" परीक्षकांनी चष्मा काढला. "जैसे दबा के खाना?"

"जी।"

ते हसले नाहीत. पुन्हा पहिलं पान काढून वाचू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातली खुर्ची सरकली.

"गलती-वलती कुछ नहीं, साहब," सर उभे राहून म्हणाले. "मैंने करवाया। पहले दिन से वॉल्व देख रहा था। बाई को मालूम नहीं था, मुझे मालूम था। बता देता तो ये आधे में छोड़ देतीं।"

मी वळून सरांकडे पाहिलं. सहा महिने हा माणूस यंत्राकडे पाठ करून बसला होता. पण काठी तर कानाला होती, आणि उचकी त्यांना पहिल्याच महिन्यात ऐकू आली होती.

परीक्षकांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "आप दोनों में से एक झूठ बोल रहा है," ते म्हणाले. मग आलेखांवरून बोट फिरवलं. "नली नहीं बोल रही।" आणि खिशातून पेन काढून सही केली. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं, आधी कुणाचं करायचं ते जरा न ठरल्यामुळे सरांचंही.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना गाठलं. ते भराभर चालत होते, सुटका झाल्यासारखे.

"सर, खरं सांगा. तुम्हाला ठाऊक होतं की आत माझ्यासाठी खोटं बोललात?"

ते थांबले. चेहऱ्यावर एवढा अपमान की मीच ओशाळले.

"खोटं? मी? बाई, मी तीस वर्षं बॉयलरवर होतो. खोटं कशाले बोलू? मी तं फक्त शिफ्टचे रिपोर्ट लिहिले, नळी फाटली तरी 'सर्व ठीक'!"